वन बेडरूम लॉफ्ट विकत घेताना काय मोजावं?

प्रश्न (जागाशोध):
मंडळी, एक लॉफ्ट फ्लॅट बघितलाय. मजल्यावरची जागा १२ बाय २० फूट, उंची १४ फूट. मागच्या १० फुटांत किचन-बाथरूम, त्यावर साडेसात फुटांवर माळा आणि तिथेच बेडरूम. माळ्याची जाडी ६ इंच. जिन्याला १० चढ, त्याला आडवी जागा ५ फूट. जाहिरातीत ३६० चौरस फूट लिहिलंय. कुठे फसायला होतं?

मोजपट्टी:
आधी ३६०चा हिशोब. खालचे २४० आणि माळ्याचे १२०. मंजूर नकाशात तो माळा दाखवलेला आहे का, हे कागदावर बघा. नसेल तर मालकाने नंतर टाकलेला असणार. मग बँकेचा व्हॅल्युअर २४०च धरेल, आणि उद्या विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही.
दुसरं, १४ वजा साडेसात वजा अर्धा, म्हणजे वर राहिले ६ फूट. दिवाण आणि गादी मिळून दीड फूट धरा. बसायला साडेचार फूट मिळतात, ठीक आहे. पण गादीवर उभं राहून चादर घालताना डोकं स्लॅबला लागेल. छताचा पंखा विसरा, भिंतीवरचाच लावावा लागेल.

चढउतार:
जिना हाच खरा घोळ आहे. माळ्याची वरची पातळी ८ फूट, म्हणजे ९६ इंच. १० चढ म्हणजे प्रत्येकी ९.६ इंच, आणि ६० इंचांत ९ पायऱ्या (शेवटचा चढ थेट माळ्यावर जातो) म्हणजे पाय ठेवायला साडेसहा इंच आणि थोडं वर. ही शिडीच झाली, रात्री झोपेत उतरताना टाच मावत नाही. नीट जिन्याला साडेसात इंचांच्या आत चढ हवा: १३ चढ, १० इंचांच्या १२ पायऱ्या, लांबी १० फूट. ३ फूट रुंद धरला तर ३० चौरस फूट गेले.
आणि स्प्रिंगची गादी वाकत नाही. ती वर कशी जाणार, ते आधी मोजा.

मोजपट्टी:
एकट्या तरुण माणसाला तो जिना चालेल की, कठडा भक्कम असला म्हणजे झालं.

चढउतार:
चढायला चालेल हो, उतरायला नाही. कठडा किमान ३ फूट उंच हवा, गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी. आडवे गज नकोत, लहान मूल त्यावरून शिडीसारखं चढतं.

धूरवाट:
किचन बरोबर बेडच्या खाली आहे, हे कुणी बोललंच नाही. फोडणीचा धूर, बाथरूमची वाफ, उन्हाळ्यातली गरम हवा, सगळं वर जाऊन गादीपाशी थांबतं. धूर भिंतीबाहेर सोडणारी चिमणीच हवी. नुसत्या फिल्टरवाल्या चिमणीने ओलावा जात नाही. माळ्यावर उघडणारी खिडकी आहे का? नसेल तर आग लागल्यावर धूर आधी तिथेच भरेल, आणि जिना उतरतो किचनसमोर. स्मोक अलार्म वरच्या छताला लावा.

जागाशोध:
खिडकी आहे, उघडते. माळ्याखाली लोखंडी चॅनेल दिसतात, १२ फूट लांब. एक टोक आरसीसी बीमवर, दुसरं बाथरूमच्या साडेचार इंची भिंतीत.

भारवाही:
तिथेच थांबा. राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरतात. माळा ११ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वादोन टन. त्यातला निम्मा त्या अर्ध्या विटेच्या भिंतीवर! टोकापाशी प्लास्टरला तिरकी चीर आहे का बघा. माळ्याच्या मध्यावर टाच आपटा. खालच्या भांड्यातलं पाणी बराच वेळ हललं तर चॅनेल कमी जाडीचे. १२ फुटांना १० मिमीपेक्षा जास्त झोळ नको, दोरी ताणून कळतं.
दुरुस्ती म्हणजे त्या बाजूला लोखंडी खांब देणं. पण तो लादीवर टेकवून चालत नाही, खालच्या मजल्याच्या बीमवरच यायला हवा. तो बीम कुठे आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या, आणि टोकन त्यानंतर.