रस्ता आपला, पैसा आपला: तुमच्या रोजच्या वाटेवरचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या पार्ल्याच्या गल्लीत, नव्याकोऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हा कटर लागला. रात्री अकराच्या सुमारास तो कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला म्हणून गॅलरीत गेले. खाली दोन माणसं खडूच्या रेषेवरून मशीन ढकलत होती आणि पांढरा चिखल उताराने आमच्या फाटकाकडे वाहत होता. याच रस्त्यासाठी आम्ही आठ महिन्यांपूर्वी पाच महिने फळ्यांवरून ये-जा केली होती. सासऱ्यांना दोनदा खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं. खाली जाऊन विचारलं तर मुकादम म्हणाला, "ताई, पाण्याची लाइन टाकायची राहिली होती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा आहे. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाच्या पहिल्याच टप्प्याला सहा हजार कोटींच्या वर रक्कम ठरली. एवढ्या मोठ्या कामात "लाइन राहिली" हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि हे विचारायचं कुणाला? 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढची निवडणूक थेट 15 जानेवारी 2026 ला झाली. मधली जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. आमच्या गल्लीतली सगळी खोदाई त्याच काळातली.

म्हणून हा धागा. तुमच्या भागात खर्चाच्या, आखणीच्या किंवा वाहतुकीच्या एखाद्या निर्णयानं तुमचा दिवस कसा बदलला ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा. काय विचारलंत, काय उत्तर मिळालं, तेही लिहा. एखादं काम चांगलं झालं असेल तर तेही जरूर सांगा.

अंधेरी पूर्व

मी एमआयडीसीत फिटर होतो, मुलगी पश्चिमेला शाळेत. 7 नोव्हेंबर 2022 ला गोखले पूल बंद झाला तेव्हा ती चौथीत होती. पूल दोन्ही बाजूंनी पूर्ण सुरू झाला 11 मे 2025 ला, तेव्हा ती सहावी पास झाली होती. मधल्या काळात एक तर विलेपार्ल्याला वळसा, नाही तर जोगेश्वरीला, नाही तर सबवे. सबवेचं काय होतं ते अंधेरीकराला सांगायला नको. जोराची सर आली की फाटक बंद. सकाळी सहाला उठणारी पोर सव्वापाचला उठायला लागली. व्हॅनवाल्यानं पैसे वाढवले, त्याचा तरी काय दोष, त्याचं पेट्रोल दुप्पट जळत होतं.

पूल धोकादायक झाला होता, पाडायलाच हवा होता, याबद्दल माझी तक्रार नाही. 3 जुलै 2018 ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला तेव्हा मी स्टेशनातच अडकलो होतो, त्या दिवसाची आठवण अजून अंगावर येते. माझं दुखणं पुढचं आहे. 26 फेब्रुवारी 2024 ला एक बाजू उघडली आणि कळलं की नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल एका पातळीत नाहीत. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. एका कडेला माझ्या छातीपर्यंत येईल एवढा फरक. रेल्वेच्या नव्या नियमामुळे पूल उंच करावा लागला, असं सांगण्यात आलं. ते मला पटतं. पण उंची वाढणार हे कागदावर ठरलं, त्याच दिवशी शेजारच्या पुलाचं टोक उचलायचं कामही ठरायला हवं होतं ना? शेवटी जॅक लावून उचललंच की ते, आणि 4 जुलै 2024 ला जोडलंही. म्हणजे होण्यासारखं होतं. आम्ही पाइपाचे दोन फ्लँज जोडताना आधी दोन्हींची मापं घेतो, मग वेल्डिंगला हात लावतो. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसलाही हेच शिकवतो.

धारावी

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, रुळांपलीकडच्या रुग्णालयात. सायनचा पूल 1 ऑगस्ट 2024 पासून बंद आहे. 1912 सालचा पूल, शिवाय रेल्वेला पाचवी-सहावी लाइन टाकायची, तेव्हा पाडणं भाग होतं. त्याआधी त्याच वर्षी तारीख पुढे ढकलली होती, त्यात दहावी-बारावीच्या परीक्षांचंही कारण होतं. मुलांचा विचार झाला याचं मला बरंच वाटलं. पेशंटचाही झाला असता तर!

पूर्वी टॅक्सीचं कमीत कमी भाडं पुरायचं. आता केवढा वळसा पडतो आणि सिग्नलला गाडी उभी राहते ती राहतेच. पायऱ्यांवरून जा म्हणतात लोक. डायलिसिस करून बाहेर पडलेला माणूस कधी पाहिलाय का त्यांनी? हातावरची पट्टी धरून ते भिंतीला टेकून उभे राहतात, चार पावलं टाकली की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला एवढंच वाटतं, पूल बंद करण्याआधी एखादी छोटी गाडी, दर अर्ध्या तासाला, इकडून तिकडे फक्त पेशंटसाठी ठेवायला काय हरकत होती? आम्ही पंचवीस बायकांनी सह्या करून तसा अर्ज दिला. पोचपावती आहे माझ्याकडे. उत्तर नाही.

परळ

12 सप्टेंबर 2025 पासून एल्फिन्स्टनचाही पूल बंद आहे, त्यामुळे धारावीच्या ताईंचं दुखणं इथेही तसंच. रुग्णालयं पूर्वेला, आम्ही पश्चिमेला. दोन पूल एकाच वेळी बंद असतील तर गाड्या उरलेल्या पुलांवरच चढणार, हे वेगळं सांगायची गरज नाही. टिळक पुलावर संध्याकाळी येऊन पाहा.

हिंदमाता

आमचं कापडाचं दुकान वडिलांपासून. पावसाळ्यात सगळ्यात खालची फळी रिकामी ठेवायची, ही घरातली शिस्त. सांगायचं ते चांगलंच सांगतो आधी: प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्यापासून फरक पडलाय. पूर्वी पाणी चढलं की चार-चार तास हलायचं नाही, रात्र दुकानातच काढायची. त्यानंतरच्या पावसाळ्यांत आम्ही बरेचदा सुटलो. तो पैसा सत्कारणी लागला, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगतो.

पण 26 मे 2025 ला पाऊस लवकर आला आणि पाणी पुन्हा भरलं. पंप वेळेवर चाललेच नव्हते, चालवणाऱ्यांना नंतर दंडही झाला. दंडाचे पैसे तिजोरीत गेले. माझे भिजलेले ब्लाउजपीसचे सात गठ्ठे मी रद्दीच्या भावात दिले. कोट्यवधी घालून टाकी बांधता, मग पंपाजवळचा माणूस मेच्या पहिल्या आठवड्यात हजर आहे की नाही, हे बघायला किती खर्च येतो?

माहीम

मी व्हीलचेअर वापरतो. इतकी वर्षं आमच्याकडे फुटपाथ नावापुरताच होता. नंतर छान रुंद केला, वर गुळगुळीत काँक्रीट, कडेला उतार. पहिल्या दिवशी आईला म्हटलं, आज मी एकटा जातो लायब्ररीत. उतारावरून वर चढलो आणि समोर स्टीलचे खांब. दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेले. दोन खांबांमधून माझं एक चाक जात होतं, दुसरं अडकत होतं. हात घालून पाहिला, एक वीत कमी पडत होती. मागे वळायलाही जागा नव्हती. एका मासेवाल्या मावशींनी टोपली खाली ठेवली आणि खुर्ची मागे ओढून मला रस्त्यावर आणलं. उरलेला रस्ता मी बसच्या शेजारून गेलो.

ही अडचण माझ्या एकट्याची नाही. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याच खांबांची स्वतःहून दखल घेतली होती. त्यानंतर काही ठिकाणी अंतर वाढवलं, आमच्या कोपऱ्यावर नाही. खांब बसवायला पैसे मिळाले, उतार करायलाही मिळाले. दोन्ही कामं करणाऱ्यांनी एकदा एकत्र उभं राहून, एक खुर्ची तिथून ढकलून बघितली असती तर पुरलं असतं. मी अजूनही तयार आहे. बोलवा, मी येतो, माझी खुर्ची घेऊन मोजा.

कांदिवली

मी बेस्टमध्ये बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. जुलै 2019 मध्ये किमान भाडं आठाचं पाच केलं तेव्हा बसमध्ये पुन्हा माणसं दिसायला लागली, घरकाम करणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं. 9 मे 2025 ला तेच पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. किनारी रस्त्याला जवळपास चौदा हजार कोटी लागले. रस्ता उत्तम झाला, मी पाहून आलो, पण त्यावरून बहुतेक मोटारीच धावतात. ज्याच्याकडे मोटार नाही त्यानं रोजचे दहा रुपये जास्त द्यायचे, हे माझ्या मनाला लागतं. आमच्या स्टॉपवर आता शेअर रिक्षाची रांग बसच्या रांगेपेक्षा मोठी असते. त्या रिक्षा उभ्या राहतात कुठे? बस थांबायच्या जागेवर.

मुलुंड

आमच्या रस्त्यावरचे दोन पर्जन्यवृक्ष गेल्या जूनमध्ये पडले. काँक्रीटसाठी चर खणताना एका बाजूची मुळं सरळ कापली होती, मी तेव्हाच फोटो काढून तक्रार केली होती. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, झाड पडलं त्याच्या तीन आठवडे आधी. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. त्या सावलीत बसणारा चांभार आता छत्री लावून बसतो.

घाटकोपर

मी रस्ते विभागात उपअभियंता म्हणून नोकरी केली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वरचं सगळं वाचून वाईट वाटलं आणि थोडं बोलावंसंही वाटलं.

मुंबईच्या रस्त्याखाली पाणी, मलनिःसारण, पावसाळी गटारं, वीज, गॅस, टेलिफोन, इंटरनेट असं सगळं आहे. जुन्या भागांत कुठली लाइन नेमकी कुठे, याचा धड नकाशा नसतो. चर खणायला ज्याला परवानगी हवी तो रस्ता पूर्ववत करायचे पैसे आधी भरतो. त्यामुळे कागदावर कुणाचंच नुकसान दिसत नाही. पण काँक्रीट डांबरासारखं नाही. ते 28 दिवसांच्या ताकदीवर मोजतात, आणि सुरुवातीला त्याला नीट पाणी पाजावं लागतं, ओली पोती टाकून. अख्खा पट्टा एकदा कापला की पूर्वीसारखा सांधत नाही, सांध्यातून पाणी आत शिरतं. म्हणून खरं काम रस्ता ओतण्याआधीचं असतं: सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवायचं, लाइन टाकून घ्यायच्या, पुढच्यांसाठी रिकामे पाइप ठेवायचे, मगच ओतायचं. ही बैठक आम्ही घ्यायचो. पण काम अमुक तारखेला संपवा असा धोशा वरून लागला की पहिली काट याच बैठकीवर बसते. शेकडो रस्ते एकाच वेळी खणायला घेतले, तेवढी देखरेख करायला माणसं कुठून आणणार? मला विचाराल तर मूळ चूक तिथे झाली. वर्षाला थोडे रस्ते, पण एकदाच आणि पूर्ण.

आता पार्ल्याच्या ताईंना एक काम सांगतो. तुम्ही लिहिलंय की चिखल फाटकाकडे वाहत होता. याचा अर्थ रस्ता तुमच्या आवारापेक्षा उंच झालाय. जुना थर पुरेसा न खरवडता वर काँक्रीट चढवलं की असं होतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तळमजल्यात शिरतं. टेप घेऊन फाटकाचा उंबरा आणि रस्ता यांतला फरक मोजा, टेपसकट फोटो काढा. मग माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: मंजूर रस्त्याचा उभा छेद (म्हणजे रस्त्याची उंची आणि उतार दाखवणारा नकाशा), त्यातली ठरलेली पातळी, आणि खोदाईच्या परवानगीची प्रत. मोघम तक्रार लिहू नका, आकडा लिहा. आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

पार्ले (धागा सुरू करणारी)

काका, मनापासून आभार. आज सकाळी सासऱ्यांना घेऊनच खाली गेले, त्यांनी टेपचं एक टोक धरलं. फाटकापाशी रस्ता साडेसहा इंच वर आहे. शेजारच्या सोसायटीत मोजलं, तिथे आठ. गटाराची जाळी उताराच्या वरच्या बाजूला आली आहे, पाणी तिथपर्यंत पोचणारच नाही. सगळ्याचे फोटो काढलेत. तळमजल्यावरच्या आजींनी तर खाटेखाली आतापासूनच विटा लावून घेतल्या आहेत.

अर्ज लिहून झालाय, सोमवारी वॉर्ड ऑफिसात देते, एक प्रत नव्या नगरसेवकांकडे. माहीमच्या दादा, तुमच्या कोपऱ्यावर मोजायला मी टेप घेऊन येऊ शकते, रविवारी सकाळी चालेल का?