55 टनी ट्रेलर घ्यायचाय: हाताचा गिअर की एएमटी?

कळंबोली_ट्रेलर
नमस्कार मंडळी. नवीन ट्रेलर बुक करायचाय, 55 टनी. काम ठरलेलं आहे. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा, बोर घाट चढून चाकण. अधूनमधून खंबाटकी ओलांडून कोल्हापूर. परतीलाही गाडी बहुतेक भरलेलीच असते. शोरूमवाले 12 गिअरच्या एएमटीचा (क्लचचं पेडल नाही, गिअर आपोआप बदलतात) आग्रह धरताहेत, ड्रायव्हर म्हणतात हाताच्या नऊ गिअरचीच घ्या. तीन गोष्टी विचारायच्यात. भरलेली एएमटी घाट उतरताना भरवशाची आहे का? बंदराच्या रांगेत क्लच किती टिकतो? आणि रस्त्यात बंद पडली तर हात कोण लावणार?

घाटरस्ता
दादा, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एएमटीत क्लचचं पेडल नसतं, क्लच असतोच. तीच कोरडी प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तसंच फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेलं जड चाक. पायाचं काम हवेवर चालणारा अ‍ॅक्चुएटर करतो आणि कधी करायचं ते कंट्रोलर, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतो. टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद देणारी, पूर्ण ऑटोमॅटिक वेगळी, ती खाणीतल्या डंपरना आणि अग्निशमनच्या गाड्यांना मिळते. तुम्हाला जी दाखवताहेत ती एएमटी. म्हणजे क्लच जळायचा तो जळतोच, फक्त जाळणारा बदलतो.

घाट उतरण्याबद्दल. ऑटो मोडवर ठेवून भरलेली गाडी बोर घाटात सोडू नका. उतारावर वेग वाढला की कंट्रोलरला वाटतं वरचा गिअर द्यावा, आणि तो दिला की इंजिनची पकड कमी होते. घाट सुरू होण्याआधीच, गाडी सपाटीवर असताना, मॅन्युअल मोडवर घ्या आणि गिअर धरून ठेवा. कोणता गिअर? एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू असताना पायाचा ब्रेक फक्त मधूनमधून लागला पाहिजे, तो गिअर बरोबर. सतत पाय ब्रेकवर राहत असेल तर आणखी एक खाली. एक्झॉस्ट ब्रेक कमी आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर) जवळजवळ काहीच करत नाही. काटा 1800 ते 2200 च्या आसपास राहू द्या, लाल पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नका.

वेग वाढल्यावर खालचा गिअर मागितलात तर एएमटी देणारच नाही, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. तेव्हा आधी ब्रेक मारून वेग पाडायचा, मग गिअर मागायचा. हाताच्या गाडीत हाच प्रसंग जास्त वाईट. वरचा गिअर काढला, खालचा पडला नाही, आणि 55 टन न्यूट्रलमध्ये उतारावर.

न्यूट्रलचा विषय निघालाच आहे तर ड्रायव्हरांना हे एकदा नीट समजावून सांगा. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉमन रेल इंजिन डिझेल पूर्ण तोडतं. न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं डिझेल जळतच राहतं. वर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर आयडलला हळू फिरतो, त्यामुळे ब्रेक मारत गेलात की हवा उतरते, ब्रेकचे लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. बचत शून्य आणि जिवाशी खेळ.

मिस्त्री_सांगली
वरचं सगळं बरोबर. क्लच कशाने जातो ते गॅरेजच्या बाजूने सांगतो.

गाडी उचलताना प्लेट सरकते आणि तेवढी उष्णता प्लेट-फ्लायव्हीलमध्ये जाते. निम्म्या रेशोच्या, म्हणजे वरच्या गिअरने उचललीत तर सपाटीवरही साधारण चौपट उष्णता तयार होते, चढावर त्याहून जास्त. बरेच ड्रायव्हर भरलेली गाडी सवयीने दुसऱ्या-तिसऱ्यात उचलतात. उघडल्यावर फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक भेगा दिसतात ते याचमुळे. नुसती प्लेट बदलून अशा फ्लायव्हीलवर बसवली तर गाडी थरथरतच उठते. फ्लायव्हील फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्या किंवा बदला, आणि पायलट बेअरिंग व रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवीन घाला.

एएमटी इथे चांगली वागते. वजन आणि चढ ओळखून सुरुवातीचा गिअर स्वतः निवडते. पण बंदराच्या रांगेत अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी इंच-इंच रांगवली तर कंट्रोलर तरी काय करणार, अर्धा क्लच धरूनच ठेवणार. पुढे एका गाडीइतकी जागा होऊ द्या, मग उचला, क्लच पूर्ण बसू द्या, मग थांबा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. हिल होल्ड (चढावर आपोआप लागणारा ब्रेक) काही सेकंदच धरतं, नंतर ब्रेक तुमचा. डॅशवर क्लच गरम झाल्याचा इशारा आला तर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि इंजिन चालू ठेवा. फिरत्या फ्लायव्हीलने हवा खेळते आणि प्लेट लवकर निवते.

बारा_चाकी
मी हाताच्या गिअरच्याच बाजूचा. घाट चढताना ऑटो मोडवरची एएमटी वळणात गाडी मंदावल्यावर गिअर उतरवते. त्या क्षणभरात ओढ तुटते आणि भरलेली गाडी तिथेच बसते. जाणता ड्रायव्हर वळणाच्या आधीच एक गिअर खाली घेतो. आणि हाताच्या गाडीत क्लच बूस्टरची (पेडल हलकं करणाऱ्या भागाची) सील गेली, लाइनमध्ये हवा शिरली, तर महामार्गावरचा कोणताही मिस्त्री जागेवर काम करून देतो. एएमटीचा अ‍ॅक्चुएटर गेला तर स्कॅनर (कंट्रोलरमधले बिघाड वाचणारं यंत्र) घेऊन कंपनीचा माणूस येईपर्यंत गाडी उभी. खडीच्या, वाळूच्या कामाला तर हातचीच घ्यावी.

घाटरस्ता
@बारा_चाकी वळणाआधी गिअर उतरवणं मॅन्युअल मोडवर एएमटीतही होतं, लिव्हर एकदा ढकलायचा. ते न शिकवता गाडी हातात दिली तर दोष गाडीचा नाही. हाताच्या नऊ गिअरमध्येही हाय-लोचा, म्हणजे गिअरचे वरचे-खालचे गट बदलणारा, दट्ट्या हवेवरच चालतो. वेगात असताना हायमधून लोमध्ये टाकला की सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रिंग) खातो, आणि तो गिअर बॉक्स उघडण्याचा खर्च क्लचपेक्षा पुष्कळ मोठा. दुरुस्तीचा मुद्दा मात्र खरा आहे.

कळंबोली_ट्रेलर
सगळ्यांचे आभार. फेऱ्या सगळ्या पक्क्या रस्त्यावरच्या आहेत, त्यामुळे एएमटीकडे मन झुकतंय. देखभालीत वेगळं काय पाहायचं?

मिस्त्री_सांगली
अण्णा, एएमटीच्या निम्म्या तक्रारी हवेच्या आणि विजेच्या असतात. गिअर बॉक्स बिचारा ठणठणीत असतो.

हवेत पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल गेलं की अ‍ॅक्चुएटरचे विजेवर चालणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह चिकटतात, गिअर अडकतो किंवा उशिरा पडतो. टाक्यांचे ड्रेन रोज उघडा. पाणी येत असेल तर हवेतलं पाणी शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज गेलं समजा, पांढरट चिखल येत असेल तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय. सकाळी हवेचे काटे भरल्याशिवाय गिअर मागू नका.

बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर एरर धरतो. आधी बॅटरीचे टर्मिनल आणि चेसिसची अर्थ पट्टी घासून घट्ट करा, मग गिअर बॉक्सवर संशय घ्या. चेसिसवर वेल्डिंग असेल तर बॅटरी सोडा, कंट्रोलरचे कनेक्टर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा. गाडी धुताना प्रेशरचं पाणी कनेक्टरवर मारू देऊ नका.

क्लच बदलल्यावर स्कॅनरने नव्या प्लेटचा पकडण्याचा बिंदू शिकवून घ्यावाच लागतो. बिल देण्याआधी ते केलंय का विचारा. नाहीतर गाडी धक्के देत उठते आणि नवी प्लेट लवकर जाते.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडूनच न्या, हे दोन्हींना लागू. इंजिन बंद असताना गिअर बॉक्सच्या आतला तेलाचा पंप फिरत नाही, आणि चाकं मागून शाफ्ट फिरवत राहिली तर बेअरिंगं कोरडी पडून जळतात.

बुकिंग करताना सर्व्हिसवाल्यांना थेट विचारा, स्कॅनरसह माणूस खोपोलीत आणि साताऱ्यात किती वेळात पोहोचतो. उत्तर लेखी घ्या.