नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं (एलआयटी) कोणी घेतलीत का?

मृण्मयी_एन
नमस्कार, इथे नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, जरा लांबेल. वय ३१. दोन मिसकॅरेज झाली, एक आठव्या आठवड्यात, दुसरं अकराव्या, दुसऱ्या वेळी तर ठोके ऐकून आलो होतो आणि पुढच्या सोनोग्राफीत काहीच नाही. आता नवीन डॉक्टरांनी रक्तातली एनके सेल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) टेस्ट केली, १८ टक्के आली. म्हणाले तुमची इम्युनिटी बाळाला परकं समजून मारतेय, नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून तुम्हाला टोचू, म्हणजे शरीराला सवय होईल. पॅकेज लाखाच्या घरात आहे. ऐकायला पटतं हो, बाळ अर्धं नवऱ्याचंच ना. आधीच्या डॉक्टरांकडे एपीएलए (रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिबॉडींची टेस्ट) केली होती, त्यातलं कार्डिओलिपिन थोडं पॉझिटिव्ह होतं पण हे नवे डॉक्टर म्हणाले ते सोडा. काय करू?

चहाबिस्किट
ताई आधी वाईट वाटलं वाचून. मी डॉक्टर नाही, इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये असतो. 'अर्धं परकं बाळ आईचं शरीर बाहेर का फेकत नाही' हा प्रश्न पीटर मेडावारनी १९५३ मध्येच मांडला होता, नंतर त्यांना नोबेल मिळालं (१९६०, दुसऱ्या कामासाठी). पण त्याचं उत्तर 'इम्युनिटी गप्प बसते' असं नाही निघालं. वारेच्या ज्या पेशी आईच्या पेशींना भिडतात त्या नेहमीची बहुतेक ओळखपत्रं दाखवतच नाहीत, एचएलए-जी नावाचं वेगळंच दाखवतात, शिवाय हल्ला आवरणाऱ्या टी-रेग पेशी वाढतात. आणि एनके म्हणजे नॅचरल किलर हे नाव ऐकूनच माणूस घाबरतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के याच असतात आणि त्यांचं काम आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायचं, म्हणजे वारेला रक्त नीट मिळावं. हे काम अर्धवट राहिलं तर पुढे प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा) धोका. दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनके वेगळ्या, त्यांच्या टक्क्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही. १८ वर लाखाचं पॅकेज हे मला तरी पटत नाही.

सुलभामावशी
मृण्मयी बाळा, आधी नीट जेव आणि झोप. आमच्या वेळी असल्या टेस्ट नव्हत्या, पुतणीला दोन गेल्यावर तिसरा मुलगा झाला, काही न करता.

रेवा०७
मावशी, काही न करता होतंही, बहुतेकींना होतंच, पण मला एपीएलए निघालं होतं आणि मला औषध लागलंच. मृण्मयी, मला तुझ्या पोस्टमधली ती 'सोडा' वाली ओळ खटकली. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहे असं नाही, साध्या इन्फेक्शननंतरही तात्पुरतं येतं. म्हणूनच टेस्ट कमीत कमी १२ आठवड्यांनी परत करायची असते, तिन्ही: लुपस अँटिकोॲग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. लुपसवाली हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) चालू असताना चुकू शकते, त्यामुळे आत्ता, काही चालू नसताना कर. आणि २००६ च्या निकषांत दहाव्या आठवड्यानंतर गेलेला, बाकी ठीक दिसणारा गर्भ एक असला तरी मोजतात, तुझं दुसरं अकराव्यात. दुसऱ्यांदाही चांगलं पॉझिटिव्ह निघालं तर लहान ॲस्पिरिन आणि हेपॅरिन, पोटावर रोज टोचून घ्यायचं, निळे डाग पडतात, सवय होते. १९९७ च्या लंडनच्या ट्रायलमध्ये एपीएलए असलेल्या बायकांत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के बाळं आणि हेपॅरिन जोडल्यावर ७१. फक्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून काही सुरू करू नकोस.

मृण्मयी_एन
थँक्यू गं. पण मग एलआयटी देतात तरी का? त्यांच्याकडे भिंतभर बाळांचे फोटो आहेत.

डॉ_गायनॅक_सातारा
फोटो असणारच, दोन-तीन मिसकॅरेजनंतर काही न देता पण बऱ्याच जणींना पुढचं बाळ होतं, श्रेय ज्याने शेवटचं इंजेक्शन दिलं त्याला. १९९९ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये मोठी ट्रायल आली होती, कारण न सापडलेल्या तीन वा जास्त मिसकॅरेजच्या बायका, नवऱ्याच्या पेशी दिल्या त्यांच्यात यश ३६ टक्के आणि नुसतं सलाईन दिलं त्यांच्यात ४८. त्यानंतर अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००२ मध्ये संशोधनाच्या परवानगीशिवाय द्यायला मनाई केली, युरोपची गाइडलाइनही देऊ नका म्हणते. शिवाय ते दुसऱ्याचं रक्तच आहे, इन्फेक्शन आणि नको त्या अँटिबॉडी होऊ शकतात, तुमचा ग्रुप आरएच निगेटिव्ह असेल तर जास्तच विचार करा.
लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्या किंवा जास्त वेळा क्रोमोसोमचाच दोष असतो, तिथे इम्युनिटीचा संबंध नाही. गेल्या वेळच्या गर्भाची तपासणी झाली होती का? झाली नसेल तर आता नाही होणार, पण थायरॉइड, शुगर, गर्भाशयाचा आकार आणि एपीएलए परत, एवढं आधी करा. लाखापेक्षा खूप कमी लागतात.

मृण्मयी_एन
ग्रुप ओ निगेटिव्ह आहे माझा. नवरा पॉझिटिव्ह. हे तिथे कोणी विचारलंच नाही.

डॉ_गायनॅक_सातारा
मग आधी दोन्ही वेळी अँटी-डी (निगेटिव्ह आईत पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटिबॉडी होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन) मिळालं का ते जुन्या फाइलमध्ये बघा, आणि इनडायरेक्ट कूम्ब्ज (तशा अँटिबॉडी झाल्यात का ते बघणारी टेस्ट) करून घ्या. पेशींचं इंजेक्शन तूर्तास नकोच.