बाराही महिने देवाला घरची फुले मिळतील अशी बाग लावता येते का?

प्रश्न: ओसरी (सप्टेंबर)

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पुण्यातच तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेतून तळमजल्यावरच्या घरात राहायला आलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला स्वतःचे म्हणावे असे अंगण मिळाले. ते साधारण १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब आहे, पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळपासून दुपारी एक वाजेपर्यंत चांगले ऊन येते, आणि माती काळी, पाणी धरून ठेवणारी आहे. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. इतकी वर्षे दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीतल्या फुलपुडीवर त्यांची पूजा होत आली. पण लहानपणी माहेरी परसातून परडी भरून फुले आणण्याचे काम त्यांच्याकडे असे, आणि आता अंगण आहे तर रोजची फुले घरचीच असावीत, अशी त्यांची फार इच्छा आहे. त्यांच्याइतकीच ती आता माझीही झाली आहे.

वर्षभर मनापासून कष्ट केले, तरी बरेच काही बिनसले. एप्रिलमध्ये रोपवाटिकेतून कळ्यांनी लगडलेला मोगरा आणला. तो पंधरा दिवस फुलला आणि तेव्हापासून आजपर्यंत नुसती पाने आहेत. शेवंतीच्या दोन कुंड्या फाटकाच्या खांबाशी ठेवल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्या गुडघ्याच्या वर वाढल्या, पण एकही कळी धरली नाही. झेंडू फुलला तो दसराच काय, दिवाळीही सरल्यावर. गुलाबाच्या बुंध्यातून एक जोमदार फांदी निघाली, ती पाच फूट उंच गेली, तिला फूल नाही आणि मूळ गुलाब मात्र वाळत चालला आहे. खतापाण्यात मी कसूर केलेली नाही, उलट दर आठवड्याला काही ना काही घालतेच. चूक नेमकी कुठे होते? की बारा महिने फुले हवीत हा हट्टच मुळात चुकीचा आहे?

उत्तर: जुईचा मांडव

ताई, हट्ट मुळीच चुकीचा नाही. माझे अंगण तुमच्याएवढेच आहे, तेही पुण्यातच, आणि गेल्या तीस वर्षांत परडी रिकामी राहिली असे दिवस फार थोडे आले. एक गोष्ट समजायला मात्र मला पहिली पाच-सहा वर्षे लागली. आपण ज्या ऋतूत फुले तोडतो, त्या ऋतूत त्या झाडाचे काम जवळजवळ संपलेले असते. खरे काम त्याच्या आधीच्या ऋतूत, झाडावर काहीच नसताना करायचे असते. तुमच्या चारही अडचणींचे मूळ मला तिथेच दिसते.

मोगऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझा जीव त्याच्यात अडकलेला आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते, आणि नवी फूट जोमाने यायची तर झाडाला आधी विश्रांती द्यावी लागते. डिसेंबरच्या मध्यापासून मी त्याचे पाणी हळूहळू कमी करतो आणि जानेवारीत तीन आठवडे जवळजवळ तोडतोच. यालाच ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागतात. पहिल्या वर्षी ते पाहून मला राहवले नाही, मी चौथ्याच दिवशी तांब्याभर पाणी घातले आणि त्या उन्हाळ्यात जेमतेम ओंजळभर फुले मिळाली. जानेवारीच्या अखेरीस उरलेली पाने हाताने काढून टाकावीत, फांद्या गुडघ्याच्या उंचीवर छाटाव्यात, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून माती हलक्या हाताने उकरून तिला दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्यावे आणि मग चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पोटभर पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत त्या वाळक्या वाटणाऱ्या काड्यांच्या पेऱ्यांवर पोपटी डोळे फुगू लागतात. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तेच पाहायला जातो. घरातले सगळे झोपलेले असतात आणि कालपर्यंत मोहरीएवढा असलेला डोळा आज तांदळाएवढा झालेला दिसतो. मार्चच्या मध्याच्या आसपास पहिल्या कळ्या मिळतात. त्या संध्याकाळी, टपोऱ्या पण मिटलेल्या असतानाच खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. रात्री त्या फडक्यातच उमलतात आणि सकाळी देवघराचे दार उघडले की वास समोर येतो. दर आठवड्याचे खत मात्र आजपासून बंद करा. पाने माजली की मोगरा कळी धरत नाही.

शेवंतीचे दुखणे मला खतात नव्हे, दिव्यात वाटते. फाटकाच्या खांबावर रात्रभर जळणारा दिवा आहे का? शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराची रात्र लागते. पावसाळा सरताना रात्री लांबू लागल्या की ती पाने काढणे थांबवून कळीच्या मागे लागते; पण त्या काळोखात प्रकाश पडत राहिला तर तिच्या लेखी उन्हाळाच चालू राहतो. हरितगृहात शेवंती पिकवणारे शेतकरी याच गुणाचा उपयोग करतात: फुले लांबवायची असतील तर रात्री दिवे लावतात आणि लवकर हवी असतील तर संध्याकाळीच काळे कापड पांघरतात. तुम्ही फक्त कुंड्या अंगणाच्या आतल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात न्या, दिवसा ऊन मिळेल एवढे पाहा. फुले संपली की झाड जमिनीपासून चार बोटांवर कापावे. बुडातून काश्या, म्हणजे मुळाशी येणारे कोवळे फुटवे, निघतात, त्या सुट्या करून लावल्या की पुढच्या वर्षीची सोय होते. विकतची शेवंती एकदा आणली की पुन्हा आणावी लागू नये.

झेंडूचे गणित सोपे आहे. बी पेरल्यापासून भरघोस फुलायला दोन ते अडीच महिने लागतात आणि दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस, तर कधी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात येतो, म्हणून पंचांग पाहून तिथून मागे मोजावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. तो खुडताना हात कचरतो, पण एका फुलाच्या जागी सात-आठ फांद्या फुटतात. गुलाबाची ती जोमदार फांदी खुंटावरची आहे. गुलाबाचा डोळा (अंकुर) रानटी गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या बुंध्यावर, कलम करून भरलेला असतो आणि डोळ्याच्या खालून फुटलेली फांदी खुंटाची असते. ती सगळे अन्न स्वतःच खाते. माती बाजूला करून ती जिथून निघाली तिथूनच काढा, वरून कापली तर दुप्पट फुटेल. उरलेल्या गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करा, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून फुले धरा.

बाकीची परडी भरणे अवघड नाही. तगर, जास्वंद, सदाफुली, गोकर्ण आणि कण्हेर ही जवळजवळ वर्षभर हात देणारी झाडे आहेत. कण्हेर विषारी असल्यामुळे घरात लहान मुले असतील तर ती टाळावी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) पडतो, तेव्हा औषधाकडे धावण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा आणि जुना दातांचा ब्रश हाती घ्यावा. पावसाळ्यात जाई आणि जुई, श्रावणापासून कार्तिकापर्यंत प्राजक्त, ऐन थंडीत कुंद. कुंदाला मोगऱ्यासारखा वास नाही, पण डिसेंबर-जानेवारीत इतर पांढरी फुले रुसलेली असताना तो पहाटेच्या दवात भरभरून फुलतो आणि मोगऱ्याची वाट पाहण्याचे दिवस सुसह्य करतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे सासूबाईंना जरूर घेऊन जा.

उत्तर: आगरातली अबोली

वरचे उत्तर पुण्यासाठी अगदी योग्य आहे, परंतु आमच्या तळकोकणात मोगऱ्याला ताण देण्यापेक्षा पावसाळ्यात त्याची मुळे कुजणार नाहीत हे पाहण्यात अधिक कष्ट जातात. तुमच्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे ३००० च्या पुढे. म्हणून आम्ही जांभ्या दगडाचे कठडे करून फुलझाडे उंचवट्यावर लावतो. ताईंची काळी माती पाणी धरते म्हणजे पावसाळ्यात त्यांनाही हाच उपाय करावा लागेल: वाफे जमिनीपासून अर्धा फूट तरी उंच करावेत आणि मातीत थोडी जाड वाळू मिसळावी.

एका बाबतीत मात्र मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. परडी रोज भरलेली असावी हे ठीक, पण काही फुलांची खरी गोडी ती वर्षभर नसण्यातच आहे. आमच्याकडे गौरी आणायच्या त्या तेरड्याच्या. श्रावणात कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या वाटेवर, कोणी न लावता तेरडा उगवतो आणि भाद्रपदात गुलाबी-जांभळा होतो. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो खरे, पण त्याच तीन दिवसांत गौर येते, जेवते आणि जाते. पिकलेल्या शेंगेला बोट लावले की ती फट्कन उलटी वळते आणि बिया अंगावर उडतात. माझ्या नातीला गौरींपेक्षा याचेच अप्रूप अधिक असते. फाल्गुनाच्या सुमारास सुरंगी येते. तिचा मोठा वृक्ष असल्यामुळे तुमच्या अंगणात तो मावणार नाही, पण फांद्यांना चिकटून आलेल्या त्या कळ्या पहाटे, उमलण्याच्या आत काढाव्या लागतात, आणि तिचा वळेसर (गजरा) सुकल्यावरही कित्येक दिवस वास देतो. हा वास वर्षाच्या बाकीच्या महिन्यांत मिळत नाही, म्हणून आम्ही त्याची वाट पाहतो.

तुम्हांला एक झाड मनापासून सुचवते, ते अबोलीचे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली तिला मानवते, म्हणजे तुमचे अंगण जणू तिच्यासाठीच आहे. फूल तोडून पाण्याशिवाय ठेवले तरी दोन दिवस टिकते. वाळलेली कणसे लगेच काढू नका. पहिल्या पावसाचे थेंब पडले की ती तडतड फुटतात आणि बी आपोआप पसरते. ओट्यावर बसून तो आवाज ऐकणे हा आमचा मृगातला ठरलेला आनंद आहे.

उत्तर: संत्रानगरी

मी नागपूरचा असल्यामुळे केवळ उन्हाळ्याबद्दल लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा झाडे जगवणे हेच काम असते. हिरवी जाळी बांधतोच, पण त्याहून अधिक उपयोग होतो तो वाळलेल्या पानांचा. बुंध्याभोवती चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. खालची माती गार राहते, पाणी कमी लागते आणि पावसाळ्यापर्यंत तोच पाला कुजून खत होतो. घरच्या काडीकचऱ्यातून आणि वाळक्या पाल्यातून माती कशी घडवावी हे कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून अनेकांना शिकवले, आणि माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांना गेली कित्येक वर्षे विकतची माती लागलेली नाही. आमच्या थंडीचा लाभ असा, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले पिटुनिया, फ्लॉक्स आणि डेलिया जानेवारीत असे फुलतात, की रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहतात.

ओसरी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जुईचा मांडव, आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. फाटकावर दिवा आहे आणि तो रात्रभर चालू असतो; शेवंती त्याच्या बरोबर खाली होती. आज संध्याकाळी दोन्ही कुंड्या मागच्या भिंतीशी नेल्या. गुलाबाची ती फांदीही माती उकरून मुळाशी काढली. एकच शंका उरली आहे: सासूबाईंना प्राजक्त हवा आहे, पण एवढ्या लहान अंगणात तो फार पसरणार नाही का?

जुईचा मांडव

अवश्य लावा. फुलांचा बहर ओसरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत दरवर्षी छाटत गेलात तर तो आठ-दहा फुटांवर आटोक्यात राहतो. जागा मात्र अशी निवडा, की खाली फरशी किंवा स्वच्छ सारवलेली जमीन असेल, कारण ही फुले तोडायची नसतात, वेचायची असतात. मी रात्री निजण्यापूर्वी झाडाखाली जुने धुतलेले धोतर अंथरून ठेवतो. पहाटे ते चारही टोके धरून उचलले की केशरी देठांची फुले मधोमध गोळा होतात, आणि वाकून वेचणे ज्यांना जमत नाही त्यांचाही त्रास वाचतो.

ओसरी (डिसेंबर)

मुद्दाम कळवायला आले आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस शेवंतीच्या शेंड्यांवर हिरवी बटणे दिसू लागली. एका कुंडीत मी एकोणीस मोजली. काल मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहिली तीन फुले पूर्ण उमलली, गर्द पिवळी, मधोमध अजून थोडी हिरवट. घटासाठी ती तोडायला मी कात्री घेऊन गेले, तर सासूबाईंनी खुर्ची अंगणात आणवली, बराच वेळ त्या कुंडीजवळ बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन घे, एक राहू दे झाडावर." प्राजक्त कमरेएवढा झाला आहे, त्याला फुले पुढच्या श्रावणात येतील अशी आशा आहे. अबोलीची चार रोपे लावली आहेत, त्यांतल्या दोघींना कणसे धरली आहेत. मोगऱ्याचे पाणी कालपासून कमी केले आहे. पाने पिवळी पडली तरी तांब्या हातात घेणार नाही.