मदत हवी आहे : कॉलेजात असताना पहिलं क्रेडिट कार्ड – एफडीवरचं की दादाच्या कार्डावरचं अॅड-ऑन?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर जत तालुक्यात, बाबा शेती करतात. इथे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि संध्याकाळी एका क्लासमध्ये नववी-दहावीचं गणित शिकवते. त्याचे महिन्याला ८,००० मिळतात, तेही रोख. म्हणजे पगाराची स्लिप नाही, आयटीआर नाही. त्यातून २५,००० साठवलेत.

कार्ड खरेदीसाठी नकोय. डिग्रीनंतर बाहेर एम.एस. करायचं मनात आहे, त्यासाठी शैक्षणिक कर्ज लागेल, आणि सिबिलमध्ये, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, माझ्या नावावर आज काहीच नाही. तोवर थोडा चांगला व्यवहार नोंदवला जावा एवढाच हेतू.

समोर तीन वाटा आहेत. एक, साठवलेल्या पैशांची एफडी करून त्यावर कार्ड घेणं. दोन, दादा चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो माझ्या कार्डावर अॅड-ऑन (त्याच्याच खात्याला जोडलेलं दुसरं कार्ड) घे, वेगळा खर्च कशाला. तिसरी वाट कॉलेजच्या गेटबाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटची. ‘लाइफटाइम फ्री, फक्त आधार-पॅन द्या,’ म्हणाला. फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना आला तेव्हा मी ८,००० सांगितले, तर म्हणाला, ‘पंचवीस हजार पगार लिहा, कोण बघतंय.’ मी फॉर्म परत घेतला.

भीती का वाटते तेही सांगते. रूममेटचं बिल तिच्यासोबत बसून पाहिलं. एकूण देय १८,४००, किमान देय ९२०. तिने ९२० भरले आणि तिला वाटलं, या महिन्याचं झालं. उरले १७,४८०. तिच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे व्याज ६१२ च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी ११०. भरलेल्या ९२० पैकी सातशेच्या वर पुन्हा अंगावर आले. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. ती हुशार मुलगी आहे, पण बिलावर ‘किमान देय’ इतक्या ठळक अक्षरात असतं की डोळे तिथेच थांबतात.

तर प्रश्न असे : माझ्यासारखीला एफडीवरचं कार्ड मिळेल का? ते सिबिलमध्ये साध्या कार्डासारखंच धरतात का? आणि बँकेत गेल्यावर नेमकं काय विचारायचं?

प्रतिसाद

बँकेत नोकरी झाली आहे माझी. तू विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरी लिहितो.

एफडीवरचं घे. वय १८ पूर्ण हवं आणि पॅन हवं, पगाराचा पुरावा सहसा मागत नाहीत, कारण तारण बँकेकडेच असतं. मर्यादा एफडीच्या काही टक्के, बँकेप्रमाणे कमी-जास्त. एफडीवर व्याज चालू राहतं, पण तिच्यावर लीन लागतं, म्हणजे कार्ड बंद करून बाकी फेडेपर्यंत ती मोडता येत नाही. तू पैसे थकवलेस तर बँक एफडीतून वळते करून घेते. म्हणून सगळे २५,००० त्यात अडकवू नकोस. आजारपण, गावी अचानक जाणं, याला हाताशी रोख हवीच.

विचारायचं ते असं : वार्षिक फी किती, पहिल्या वर्षानंतर ती बदलते का, सिबिलला माहिती जाते का (जायलाच हवी, नाहीतर तुझ्या कामाचं नाही), आणि खात्यातून ‘पूर्ण देय’ आपोआप कापण्याची सोय कशी लावायची. तो फॉर्म भरताना नीट बघ, तिथे ‘किमान देय’वरही खूण करता येते. उद्या कार्ड नको झालं तर घाबरू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड तुला मिळतो.

एजंटचा फॉर्म परत घेतलास ते उत्तम. खोट्या पगाराखाली सही तुझी असते, त्याची नाही.

प्रतिसाद

अॅड-ऑनचा तुला उपयोग नाही. व्यवहार मूळ कार्डधारकाच्या नावावर नोंदवले जातात. तू वेळेवर पैसे देशील, चांगली नोंद दादाची होईल. आणि चुकून थकलं तर खराब नोंदही त्याचीच, नात्यात उगाच कडूपणा.

दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून टाळ. एटीएममधून कार्डावर रोख काढू नकोस, त्यावर शुल्कही लागतं आणि व्याज काढल्या क्षणापासून. दुसरं, रुपे कार्ड घेतलंस तर ते यूपीआयला जोडता येतं, मग टपरीवरचा चहासुद्धा उधारीवर जातो. तू एकच ठरलेला खर्च ठेव, मोबाइल रिचार्ज आणि मेसचे पैसे वगैरे, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत.

प्रतिसाद

कार्डापेक्षा मोठी गोष्ट राहिली. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार बहुधा बाबाच असतील, आणि विद्यार्थ्याला उत्पन्न नसल्याने बँक त्यांचा क्रेडिट अहवाल, म्हणजे आधीच्या कर्जांची नोंद, आधी बघते. जुनं पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचा हप्ता थकीत दिसत असेल तर तुझ्या कार्डाने ते झाकलं जाणार नाही. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत देतात. बाबांचा आजच काढ. फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल तर बँकेचा नो ड्यूज दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण वेळ लागतो.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांच्या अहवालाचं डोक्यातच आलं नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी गावच्या शेती सोसायटीचं आणि बँकेचं, दोन्ही कर्ज पुनर्गठित झालं होतं, म्हणजे फेडीची मुदत नव्याने ठरवून दिली होती, एवढं मला आठवतं. रविवारी गावी जाऊन त्यांच्याच मोबाइलवर ओटीपी घेऊन अहवाल काढते. एफडी १५,००० ची करणार, उरलेले खात्यात.

आता एकच विचारायचं राहिलं : पुनर्गठित कर्ज नंतर वेळेवर फेडलं असेल तरी अहवालात ते वेगळं दिसतं का, आणि बँक त्याबद्दल काय कागद मागते? कुणी अशा कर्जातून गेलं असेल तर कृपया लिहा.