स्टार ट्रेकमधल्या एन्टरप्राइज या अंतराळजहाजाचं नक्की कुठलं डिझाइन कॅनन (म्हणजे कथेत अधिकृत) धरायचं? मदत हवी आहे

मंडळी, एन्टरप्राइजचं थ्रीडी मॉडेल करायला घेतलंय आणि पायलॉनपाशीच (इंजिनं जहाजाला जोडणारे खांब) गाडी अडलीये. १९६६ च्या स्टार ट्रेकमध्ये नॅसेलचे (म्हणजे इंजिनांचे) पायलॉन सरळसोट, स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स या नव्या मालिकेत मागे कललेले, आणि जहाज म्हणे तेच, नोंदणी क्रमांक एनसीसी-१७०१! बरं नवं तेच खरं म्हणावं तर १९९६ च्या डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेक मालिकेच्या एका भागात जुनंच डिझाइन दाखवलंय, त्याचं काय करायचं? कोणी म्हणतं मधे रिफिट (जहाजाची फेरबांधणी) झालं, कोणी म्हणतं पडद्यावर दिसलं ते सगळंच कॅनन (मग भांडण कसलं राव). १९७५ चं टेक्निकल मॅन्युअल मी बाजूलाच ठेवलंय, शेवटी ते पुस्तक. रिफिटवाल्यांनो, तसा एखादा संवाद कुठे आहे का? असेल तर फक्त भाग सांगा, वाद नंतर घालू.