प्रतिसाद: ‘कट’ नेमका कुठला?

वर कुणीतरी मिसळीचा कट इंग्रजीतल्या ‘कट’वरून आला असं लिहिलंय. अजिबात नाही. पुरणाची हरभरा डाळ शिजल्यावर निथळून काढतात ते पाणी म्हणजे कट. त्याची होते कटाची आमटी. आपल्या कोल्हापुरात मिसळीच्या झणझणीत पातळ रश्श्यालाही कटच म्हणतात, त्यात बुडवला की कटवडा. (कारस्थानाचा कट आणखी तिसराच.)

इंग्रजी ‘कट’ म्हणजे कापणं. त्याची तिन्ही रूपं सारखी, कट-कट-कट. ‘कटेड’ लिहिलं की चुकलं. आपण वापरतो तिथे मात्र अर्थ हलतो. ‘लाइट गेली’ म्हणजे येईल. ‘लाइट कट केली’ म्हणजे बिल थकलंय. ‘फोन कट केला’ हे भारतीय इंग्रजी, तिकडे ‘हंग अप’ म्हणतात. बोलता बोलता आपोआप तुटला तर ‘वुई गॉट कट ऑफ’ बरोबर. गाडी आडवी घालून कट मारला, त्याला ‘कट इन’. आणि मुंबईची ‘कटिंग’ लंडनमध्ये मागू नका, तिथे कटिंग म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, नाहीतर झाडाची लावायची फांदी.